झाकणाची रेघ

"हे काय मटापी म्हणायचं? पिळतंय कमी न् ओकतंय जास्त."

अकूबा स्वतःशीच पुटपुटली. पण परसातल्या छपराखाली पुटपुटलेलं दोन घरं पलीकडे ऐकू जातं. आढ्याला टांगलेल्या मटापीत, म्हणजे माणसाएवढ्या लांब विणलेल्या नळीत, तिने किसलेला कडू कसावा ठासून भरला होता. नळीच्या खालच्या कडीत दांडा अडकवून ती त्यावर बसली होती. एरवी असं बसलं की नळी ताणून बारीक होते आणि कसाव्याचं विषारी पाणी धार धरून घमेल्यात पडतं. आज पाण्याबरोबर पांढरा लगदाही विणीतून बाहेर येत होता.

"याबा, तूपण ये गं बसायला. दोघांचं वजन आहे तुझ्यात."

तिच्या लेकीला, याबाला, सातवा महिना होता. ती पोट सावरत येऊन दांड्यावर टेकली.

"आई, अख्खं गाव बसलं तरी भोकं बुजायची नाहीत. आजोबांची वीण सैल पडलीय."

ती हळूच बोलली, तरी कोरीव पाटावर बसलेल्या अनातोंनी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अनातो म्हणजे अकूबाचे सख्खे मामा. लावा नावाच्या नदीकाठच्या आम्हा बोनी लोकांत मामाचा शब्द तो घराचा शब्द. शिवाय अनातोंची बोटं म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. आमच्यात नवऱ्याने बायकोला मटापी, चाळण, सूप आणि विंझणा स्वतः करून द्यायचा असतो. ज्या जावयांना साधी पट्टी सोलता येत नसे ते गुपचूप अनातोंकडे येत. "लग्न यांचं, बोटं माझी," असं ते हसत सांगायचे.

गेल्या वर्षापासून ती बोटं ठरेनात. वारिंबोच्या वेताची पट्टी हातात घेतली की टोक वाऱ्यावर धरल्यासारखं हलायचं. अकूबा म्हणाली, म्हातारपण. तिचा भाऊ कोजो म्हणाला, म्हातारपण. शेजारणीही तेच म्हणाल्या. याबाची पहिली मुलगी नेनी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, तेव्हाही सगळ्यांनी असाच एक शब्द शोधला होता, आळशी. एवढी माणसं एवढ्या झटपट एकाच शब्दावर येतात, तेव्हा त्या शब्दाच्या मागे काय दडवलंय ते बघावं.

कोजोची मोटर लावलेली लांब होडी होती. वर जंगलात सोनं काढणाऱ्यांचा तळ होता, तिथे तो डिझेलची पिंपं पोचवायचा. तेव्हापासून घरावर नवा पत्रा आला, फ्रीज आला, आणि मातीची-वेताची भांडी जाऊन प्लास्टिकची घमेली आली. येताना तो नदीतले मोठाले आयमारा मासे आणायचा. पिंपांच्या आड चिंध्यांत गुंडाळलेल्या जड बाटल्या असायच्या. त्यांत काय असतं हे घरात कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पारा. तो चिखलातलं सोनं धरतो आणि मग नदीत उतरून माशांत शिरतो.

"अकूबा," अनातो म्हणाले, "ती करंडी दे इकडे. बारीक पट्ट्या आहेत त्यात. भोकं बुजवतो."

"राहू द्या मामा. उद्या बघू."

"उद्या कसावा आंबेल. याबा, दे गं तू."

याबाने कोनाड्यातली झाकणाची करंडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. ती त्यांनीच विणली होती, बहिणीसाठी, म्हणजे अकूबाच्या आईसाठी. करंडीवर एक काळी रेघ होती, झाकणावर दुसरी, आणि झाकण नीट बसलं की दोन्ही एकच होत. अनातोंनी करंडी उजेडात धरली. रेघ दोन बोटं सरकलेली होती.

"ही कुणी उघडली?"

"मीच. सुई शोधत होते."

"तुझ्या आईने ही तीस वर्षं वापरली. घराला आग लागली तेव्हासुद्धा रेघेला रेघ लावून बाहेर आणली. तू एवढीशी होतीस तेव्हा तुला तिने शिकवलं. तुझा हात चुकायचा नाही, अकूबा. तू घाबरली होतीस."

अकूबा ताडकन उठली. वजन गेल्याबरोबर नळी वर उडाली, दांडा हेलकावला आणि लगदा जमिनीवर सांडला. तोवर अनातोंनी झाकण काढलं होतं. पट्ट्यांच्या खाली घडी घातलेला एक कागद होता.

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो याबापुढे धरला. कागद त्यांच्या हातात फडफडत होता, वारा मुळीच नव्हता.

अंगात पारा किती ते तपासायला दवाखान्यातल्या नर्सने पावसाआधी याबाचे, नेनीचे आणि अनातोंचे थोडे थोडे केस कापून नेले होते. त्याचा निकाल. याबाने चार वेळा विचारलं होतं आणि चारही वेळा आईने सांगितलं होतं, यायचाय अजून. याबा ओठ हलवत वाचत गेली. तीन नावं, तीन आकडे, तिन्हींखाली लाल रेघ. शेवटी हाताने लिहिलेलं होतं : गरोदर बाईने आणि लहान मुलांनी मोठे शिकारी मासे खाऊ नयेत, आयमारा तर नाहीच.

"तारीख बघ, तीन महिने झाले याला," याबा म्हणाली. "तीन महिने मी रोज आयमारा खातेय. आणि तू वाढतेयस."

"काय सांगणार होते मी?" अकूबाचा आवाज चिरकला. "नर्सबाई कागद देऊन होडीत बसून जाते. राहायचं आपल्याला आहे. मासा सोडून खायचं काय? आणि कोजोला काय म्हणू, तुझ्या पत्र्याखाली झोपते पण तुझी होडी नको? त्याने नाही नेलं तर दुसरा नेईल. दहा होड्या जातात वर."

"दहा जातात," अनातो म्हणाले. "त्यातली एक आपली."

सांडलेल्या पाण्याकडे एक कोंबडी धावली, तिला त्यांनी पायाने हुसकलं.

"माझ्या आईचं एकदा पिळायचं चुकलं होतं. पीठ कच्चं राहिलं, आणि त्यातलं अर्धं तिने चार घरांत वाटलं होतं. आमच्या दोन शेळ्या आडव्या झाल्या तेव्हा तिला कळलं. तशीच ओल्या पदराने घाटावर गेली न् सगळ्या बायकांसमोर ओरडून सांगितलं, माझ्या हातून विष गेलंय, खाऊ नका, फेका."

"लाज नाही वाटली तिला?"

"वाटली ना. वर्षभर मान वर केली नाही. पण चार घरांतली पोरं जगली. लाजेने कुणी मरत नाही, अकूबा."

मग त्यांनी सुरी घेतली आणि आढ्याला लोंबणारं स्वतःचं मटापी वरच्या कडीपासून कापून खाली पाडलं. त्यासाठी तीन घाव घालावे लागले.

"मामा!"

"सैल वीण मीच तुला दिली. हात चालत नाहीत हे मलाही कबूल करायचं नव्हतं. असेल म्हातारपण, असेल हे कागदावरचं. पण गप्प बसून मीही झाकणच लावत होतो." ते याबाकडे वळले. "बस इथे. पट्टी कशी सोलायची ते सांगतो. बायकांचं काम नाही म्हणतात, म्हणू देत. कसाव्याचं विष काढायला माणसाने नळी शोधली. नदीतलं काढणारी नळी मला विणता येत नाही. ते आत सोडायचंच नसतं."

वाचकहो, घर कुठलंही असो, कुठल्याही नदीचं पाणी पीत असो, त्याच्या कोनाड्यात अशी एक करंडी असते. विष लपवणारा माणूस दुष्टच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो घरच्यांना जपायला निघालेला असतो आणि त्यांच्याच ताटात ते वाढत राहतो. ज्याच्या पोटात ते जाणार आहे, त्याला आधी सांगावं. बाकीची लाज, भांडणं, पोटाची सोय, सगळं नंतर.

अकूबाने लेकीच्या पोटाकडे पाहिलं. याबा तिच्याकडे बघत नव्हती. मग अकूबाने तो कागद उचलला आणि पिठाचे हात तसेच ठेवून घाट उतरली.

दुपार कलली होती. बायका भांडी घासत होत्या. एकीने आयमाराचं पोट फाडून खडकावर पसरलं होतं. पलीकडे कोजो होडीत पिंपं बांधत होता. बहिणीला पाहून त्याने हात हलवला, "काय गं, मासा पाहिजे का?"

अकूबा गुडघाभर पाण्यात गेली, बायकांकडे तोंड केलं आणि कागद डोक्यावर धरला.

"बायांनो, तो मासा पोरांना घालू नका. नदीत पारा आहे, माझ्या नातीच्या अंगात आहे, मला तीन महिन्यांपासून माहीत आहे. आणि तो नेणारी होडी माझ्या घरची आहे."