परत आलेल्यांचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. हात लावून बघायला जाऊ नका, मला ना फळ्या आहेत ना बिजागऱ्या. मी एका कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. कंपनी कुलपं बनवते, विकते आणि घरी येऊन बसवूनही देते. तुम्ही कुलूप घेतलंत की तुमचं नाव आणि नंबर माझ्यातून आत येतो आणि तुमच्या फोनवर आपोआप मेसेज सुरू होतात. 'धन्यवाद.' 'फिटर येतोय.' 'कुलूप कसं चाललंय?' 'तेल घातलंत का?' 'जोडीला साखळी घ्या ना!' या वाटेला ऑफिसात 'जर्नी' म्हणतात. वाट संपली की माणूस पलीकडून बाहेर पडतो.

आत घेणं सोपं असतं हो, ते कुणीही करेल. खरी गोम पुढे आहे. बाहेर पडलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा आत घ्यायचं का? लगेच, की थोडं थांबवून? आणि जो स्वतःच्या तोंडाने 'मला नको' म्हणून गेला, त्याचं काय? माझा जन्म या प्रश्नांसाठी झालाय.

मला घडवलं एका बाईने. दिवसभर फळ्यावर चौकोन आणि बाण काढत बसायची, म्हणून ऑफिसने तिचं नाव नकाशावाली ठेवलं होतं. माझी चाचणी घ्यायला तिने स्वतःच्या नवऱ्याचा नंबर वापरला. बिचारा दिवसभर माझ्यातून आत-बाहेर करत होता. शेवटी त्याने ऑफिसच्या नंबरवर फोन केला. "अगं, कुलपात तेल घातलं का म्हणून किती वेळा विचारशील? आता ते तेल तुझ्याच डोक्यावर ओततो!" इथला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि टेबलांवर कॅमेरेही आहेत, म्हणून मला सगळं ऐकू येतं, दिसतं. ती पोट धरून हसली आणि मला रीतभात शिकवायला बसली. आत असलेल्याला दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. नुकत्याच बाहेर पडलेल्याच्या मागे धावायचं नाही. आणि ज्याने 'थांबवा' म्हटलंय, त्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

कुलपाच्या धंद्यात सुखाची माणसं फारशी भेटत नाहीत. हौसेने कुलूप कोण घेतो? दुकान फोडून चोरांनी ज्याच्या बरगड्या मोडल्या तो सोनार माझ्यातून आला. एका खोलीसाठी सख्ख्या भावाचं डोकं फोडणारा आला, आणि दुसऱ्या दिवशी टाके घातलेला भाऊही आला. दोघांनाही मी त्याच गोड भाषेत 'स्वागत आहे' म्हटलं. मला तेवढंच येतं.

मग ती आली. शिवणकाम करणारी बाई. खातं तिच्या नावावर, पण नंबर नवऱ्याचा, कारण घरात फोन एकच आणि तो त्याच्या खिशात. नवरा क्रेन चालवायचा. आमचा फिटर, वयस्कर माणूस, सगळे त्याला काका म्हणतात, तो काम करून आला आणि कस्टमर केअरच्या मुलीला फोनवर म्हणाला, "पोरी, त्या घरात कडी बाहेरून बसवून घेतली गं. आतून लावू का विचारलं, तर तो म्हणतो, आतून तिला काय करायचीय? बसवून दिली, पण मनाला काही पटलं नाही."

माझं काम मी चोख केलं. कुलूप कसं चाललंय म्हणून त्या नंबरवर विचारलं. पुन्हा विचारलं. आणि एक दिवस तिचा फोन आला, शेजारणीच्या फोनवरून.

"बाई, तुमचे ते मेसेज बंद करा हो. माझ्या नावाने येतात ना, मग तो विचारतो, हा कोण तुझी चौकशी करणारा? काल माझं डोकं भिंतीवर आपटलं. कानातून रक्त येतंय."

"ताई, तुम्ही पोलिसांत..."

"पोलिसांचं मी बघते. तू आधी मेसेज थांबव, माझे आई!"

केअरची मुलगी खुर्चीवरून उठून थेट नकाशावालीकडे गेली. नकाशावालीने त्याच क्षणी त्या खात्यावर 'थांबवा'ची खूण केली, आणि मी त्या बाईसाठी बंद झालो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम, आणि ते नुसतं गप्प बसण्याचं होतं.

बरेच महिने गेले. आमचे साहेब वरच्या मीटिंगच्या तयारीला लागले. कितीही आकडे दाखवा, हा माणूस "अजून?" एवढंच विचारायचा, म्हणून पाठीमागे सगळे त्याला अजूनसाहेब म्हणत. त्याच्या डोक्यात आलं, गेलेली गिऱ्हाइकं परत आली असं दाखवायचं. नकाशावाली आईच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती. साहेबाने तिला फोन लावला.

"री-एन्ट्री सगळ्यांना मोकळी करतोय. कधीही, कितीही वेळा."

"सर, 'थांबवा'वाल्यांना हात लावू नका."

"अहो, त्यातल्या कुणी नवीन खरेदी केली, तर ती परत आलीच की! परत आलेल्याचं स्वागत करायला काय हरकत?"

"खरेदी केली म्हणजे मेसेज मागितले असं नाही होत, सर. मी उद्या येते, तोवर काही करू नका."

"बरं, बरं. आईची काळजी घ्या." फोन ठेवला आणि पठ्ठ्याने पडद्यावर 'सगळ्यांना मोकळी'वर टिक केलं. अति तिथे माती म्हणतात, पण माती खातो एक आणि गाडला जातो दुसराच.

त्याच दिवशी दुपारी केअरच्या मुलीला पुन्हा त्या बाईचा फोन आला. आवाज तोच, पण दम लागलेला.

"मी निघून आलेय. लॉन्ड्रीच्या वर खोली घेतलीय. मला कुलूप हवंय, आतून लागणारं. आणि डाव्या हाताने लावता आलं पाहिजे. उजव्याची बोटं त्याने दारात धरून दार ओढलं."

मुलीने नवा पत्ता, नवा नंबर आणि ईमेल लिहून घेतला.

"जुन्या नंबरवर काही पाठवू नका हं. तो तिथे आहे."

"नाही हो ताई. तो तर आम्ही केव्हाच बंद केलाय. बिनघोर राहा."

ती खोटं बोलत नव्हती. सकाळपर्यंत ते खरंच होतं. पण आता कॉम्प्युटरने बाईचा ईमेल ओळखून नवा नंबर तिच्या जुन्याच खात्याला चिकटवला, नवीन खरेदी बघून 'थांबवा'ची खूण पुसली, आणि मी सताड उघडलो. त्यात आमच्या ऑफिसची एक खास रीत. लोक घाईत नंबर चुकीचा देतात, फिटरला कुलूप घेऊन हेलपाटा पडतो, म्हणून खात्यावर जेवढे नंबर असतील तेवढ्या सगळ्यांवर फिटरचा मेसेज जातो. काकांचे पाय वाचावेत म्हणून काढलेली रीत होती ती. दोन्ही फोनांवर गेलं: 'परत आलात, आनंद झाला! आमचा फिटर उद्या दुपारी कुलूप बसवायला येतोय.' खाली लॉन्ड्रीचा पत्ता. आणि शेवटी, घरी असाल तर 'हो' लिहून पाठवा.

नव्या नंबरवरून 'हो' आलं. थोड्या वेळाने जुन्या नंबरवरूनही 'हो' आलं.

ऑफिसात कुणी बघितलं नाही. एक 'हो' असला की यंत्र पुढे सरकतं, दोन असले तरी सरकतं. मी बघितलं. पण मला ओरडायला तोंड कुठे दिलंय कुणी?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी केअरच्या मुलीला फोन केला. त्या बाईच्या दाराला आधीचं भोक मोठं होतं, नव्या कुलपाला रुंद पट्टी लागणार होती. जुनं कुलूप त्यांनी काढलेलं होतं. दार नुसतं ओढून घेतलेलं. फोन चालू ठेवून त्यांनी खिशात टाकला आणि पेटीत पट्टी शोधू लागले. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

आधी जिन्यावर पावलं वाजली. मग दार भिंतीवर आदळलं.

"कुलूप लावतेस? माझ्यापासून लपतेस?"

"अहो दादा, काम चाललंय, जरा..." काकांचं वाक्य पुरं झालं नाही. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज आला आणि काका किंचाळले. त्यांनी हात आडवा घातला होता, पहार मनगटावर बसली. मग तिच्या किंकाळ्या. शिलाईचं मशीन उलटलं. तो प्रत्येक फटक्याला विचारत होता, "परत येणार? परत येणार?" आणि ती "नाही" म्हणत होती. मार खातानाही प्रत्येक वेळी नाहीच म्हणत होती.

इकडे केअरची मुलगी उभी राहून ओरडत होती, "पोलीस! कुणीतरी पोलिसांना बोलवा! पत्ता मी सांगते!" अख्खं ऑफिस गोळा झालं. अजूनसाहेब काचेच्या केबिनमधून बघत राहिला.

खालची लॉन्ड्रीवाली मावशी गरम इस्त्री हातात घेऊन जिना चढली. "सोड मेल्या तिला!" एवढं ऐकू आलं, आणि मग त्या पुरुषाचा असा आवाज आला की मुलीने कान झाकून घेतले. मावशीने इस्त्री त्याच्या मानेवर टेकवली होती आणि तो पहार टाकेपर्यंत उचलली नव्हती. एक हात मोडलेले काका त्याच्या पायांवर आडवे पडून राहिले. पोलीस येईपर्यंत काका, मावशी आणि ती बाई, तिघांनी मिळून त्याला दाबून धरला.

ती जगली. जबडा मोडला, एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. काकांचं मनगट पुन्हा सरळ झालं नाही.

नकाशावाली हॉस्पिटलातून तशीच ऑफिसात आली. साहेब सांगत होता, "फार वाईट झालं, पण आपल्या हेतूत खोट नव्हती. यंत्राने..."

"यंत्राने?" तिने त्याचा हात माऊसवरून हिसडून बाजूला फेकला आणि ते दोन्ही 'हो' पडद्यावर काढले. "वाचा. मोठ्याने वाचा! नवरा 'हो' म्हणतोय. तुम्ही त्याला विचारलंत, मारायला येतोस का, आणि तो हो म्हणतोय!"

तिने साहेबाची टिक काढली, सगळ्या नंबरांवर मेसेज पाठवायची रीत मोडून टाकली आणि त्या बाईचं खातं मुळापासून पुसलं. नाव, ईमेल, दोन्ही नंबर, दोन्ही पत्ते. कंपनीत असं पुसायची परवानगी लागते. तिने विचारलीही नाही. साहेबाला नंतर वरच्यांनी दुसऱ्या विभागात हलवलं. काढलं नाही, नुसतं हलवलं. मोठ्यांचं तसंच असतं.

त्यानंतर काका एकदा केअरच्या मुलीकडे आले. तिने हेडफोन काढून ठेवला आणि दोघं लांब खिडकीशी जाऊन बोलली. मला काही ऐकू आलं नाही. गोदामातून आतून लागणारं एक कुलूप कमी झालं, एवढंच दिसलं. कुणी घेतलं, कुठे गेलं, कशाचीच नोंद नाही. माझ्यातून कुणी आत आलं नाही.

आणि मग तो जामिनावर सुटला. मानेवर इस्त्रीच्या टोकाचा डाग घेऊन भर सकाळी ऑफिसच्या काऊंटरवर आला. त्या दिवशी काऊंटरवर केअरचीच मुलगी होती. "बायको लॉन्ड्रीवरची खोली सोडून गेलीय. कुलूप तुमच्याकडनंच नेलं असणार. नवा पत्ता दे."

"माझ्याकडे नाहीये."

त्याने काऊंटरवरून हात घालून तिचे केस धरले आणि तिचं तोंड पडद्यावर आपटलं. नाकातून रक्त आलं. "काढ म्हणतो ना! माझा नंबर टाक. मागच्या वेळी तुमच्याच यंत्राने पत्ता सांगितला होता!"

मुलीने नंबर टाकला. मी उघडलो. मला उघडावंच लागतं, विचारलं की सांगावंच लागतं, खोटं बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्याकडे जे होतं ते मी सगळं दाखवलं. पडद्यावर आलं, 'असा ग्राहक नाही.'

त्याने दुसऱ्यांदा टाकायला लावला. तिचं नाव टाकायला लावलं. 'असा ग्राहक नाही.' मग त्याने पडदा उचलून जमिनीवर आपटला, खुर्चीने काऊंटरची काच फोडली, आणि सुरक्षारक्षकांनी त्याला तिथेच काचांवर पालथा पाडला. मुलगी नाकाला ओढणी लावून रडत होती. रडता रडता मान हलवून म्हणत होती, "नाहीये. खरंच नाहीये."

आता माझं बरं चाललंय. लोक येतात, जातात, परत येतात. माझ्यासारखे दरवाजे बनवणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, हात नाहीत तरी जोडतो. परत आलेल्याचं कौतुक करा, पण गेलेला का गेला तेही कधी विचारा. आणि कुणी 'थांबवा' म्हटलं, तर त्याच्या मागे घरापर्यंत जाऊ नका. त्या घरात आणखी कोण बसलंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

ती बाई आता कुठे राहते, मला माहीत नाही. तुम्हाला कधी कळलं, तर मला सांगू नका.