वरच्या वळणाचा ब्रश

हात लावू नका, काळे होतील. लांबूनच ऐका. ग्रीस लावायचा ब्रश आहे मी. दांडा बीच झाडाच्या लाकडाचा, केस डुकराचे आणि राठ. एका खोक्यात आम्ही बरेच होतो. बाकीचे रंगाऱ्यांकडे गेले, मी मार्टिनकडे आलो. साल १९९८.

डून लेरी या आयरिश गावाच्या पुढे समुद्राकाठी एक लहान बाग आहे, पाळणे, झोपाळे असलेली. मार्टिन तिथला मिस्त्री. तिथं एक लाकडी रोलर कोस्टर आहे. फळ्यांवर फळ्या ठोकून केलेला रूळ, वर लोखंडी पट्टी, आणि तिच्यावरून गाडी सुटते. माणसं आत बसून ओरडतात. त्याआधी रोज सकाळी कुणीतरी तो रूळ पायी चालून येतं, हे त्यांना ठाऊक नसतं. सैल बोल्ट आवळायचे, कुजलेली फळी शोधायची, आणि वळणावर पट्टीच्या आतल्या कडेला ग्रीस लावायचं. हे शेवटचं काम माझं.

वळणावर चाक पट्टीला घासतं. कडा कोरडी असली तर अशी किंचाळी फुटते की समुद्रपक्षी उडून जातात. चाक पट्टीला खातं, पट्टी चाकाला. मी दोघांच्या मध्ये थोडं ग्रीस ठेवतो. थोडंच. जास्त झालं तर गाडी हवी त्याहून जोरात पळते.

मार्टिननं मला नीट वापरलं. जीव मात्र सलीलनं लावला.

सलील नागपूरचा इंजिनिअर. राहायला ल्यूकनला, नोकरी ऑपरेशनची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात. त्याचा धाकटा भाऊ बाळू शाळेत रमला नाही, म्हणून सलीलनं त्याला इकडे बोलावून मार्टिनकडे लावून दिलं. एका शनिवारी भावाला सोडायला आला आणि रूळ बघत उभाच राहिला. मग दर शनिवारी यायला लागला, फुकट. बाळू पाना घेऊन पुढे, सलील मला घेऊन मागे.

"दादा, तुला वहिनीनं घराबाहेर काढलंय का रे?"

"काढलंच समज. म्हणते, सुट्टीच्या दिवशी काळे हात घेऊन येतो. तू बोल्ट बघ बे तुझे."

खालून मार्टिन म्हणायचा, "युवर मॅनला, ह्या गड्याला बघा. टोस्टला लोणी लावतोय."

सलीलनं माझ्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, ओल्या हातातून निसटू नये म्हणून. थंडीत ग्रीस दगडासारखं होतं. तेव्हा तो डबा जॅकेटच्या आत छातीशी धरायचा आणि ग्रीस मऊ होईपर्यंत समुद्राकडे बघत बसायचा. मीही त्याच्या खिशातून बघायचो.

त्याची मुलगी सानिका खाली उंचीच्या पाटीला पाठ लावून उभी राहायची. रेघेच्या वर डोकं असेल तरच गाडीत बसू देतात.

"बाबा, नाऊ?"

"अजून थोडी वाढ. रेघ गाठलीस की पहिल्या डब्यात, माझ्या शेजारी."

दोन हजार सातच्या जानेवारीत, कारखान्याच्या वाटेवर, रस्त्यावर बर्फ होता आणि सलीलची गाडी घसरली. तो घरी परत आलाच नाही.

पुढच्या शनिवारी बाळू एकटा आला. आधी त्यानं ग्रीसच्या डब्याला लाथ मारली. "घसरवतं," तो म्हणाला. "साला घसरवतं सगळं." मग मला उचलून भिंतीवर फेकलं. मी कपाटाच्या मागे पडलो. मला सांगायचं होतं की त्या बर्फाशी माझं काही नातं नाही. माझं काम गाडी रुळावर राहावी म्हणूनच असतं. पण ब्रशला कोण विचारतं?

हिवाळाभर बंद असलेली रुळावरची गाडी ईस्टरला सुरू झाली. बाळू बोल्ट आवळायचा, ग्रीसला बोट लावायचा नाही. मार्टिननं नवा ब्रश आणला आणि वळणं स्वतः करू लागला. मी कपाटामागे वाळत गेलो. शनिवारी बाहेर मोटारीचं दार वाजलं की वाटायचं, तोच. चालण्यावरून कळायचं की तो नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा वाटायचं.

ऑक्टोबर आला. हंगामाचा शेवटचा आठवडा होता. मार्टिनचा गुडघा सुजून भोपळा झाला होता, त्याला वर चढवेना. वरचं वळण कोरडं पडलं होतं. "कोरड्या वळणावर मी गाडी सोडणार नाही," तो म्हणाला आणि 'बंद'ची पाटी शोधू लागला.

तेवढ्यात सलीलची बायको मेधा आली, सानिकाला घेऊन. दोघी कायमच्या नागपूरला परत निघाल्या होत्या, दिवाळीच्या आत. सानिका पळत पाटीपाशी गेली. तिचं डोकं रेघेच्या वर होतं.

"काका, आयॅम टॉल इनफ."

"आज बंद आहे बेटा," बाळू म्हणाला.

"का बंद?" मेधानं विचारलं.

"वर ग्रीस लागलं नाही. मार्टिनचा गुडघा गेला."

"मग तुम्ही लावा, भाऊजी."

"आज खंडेनवमी आहे वहिनी. आज हत्यार चालवत नाहीत. दादा आजच्या दिवशी ब्रशला कुंकू लावून ठेवून द्यायचा."

ते खरं होतं. मार्टिन तेव्हा म्हणायचा, ब्रशला सुट्टी आणि मला काम, ग्रँड. पण आज बाळूच्या हातात पाना होता, सकाळभर चालवलेला. मेधानं तो पाहिला.

"आपल्याला हे वर्ष सण नाही," ती म्हणाली. "गुढी उभारली नाही, गणपती बसवला नाही. पूजा नाही, तर हत्याराला सुट्टी कुठली?"

बाळूनं पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "ग्रीसला हात लावला की तो रस्ता दिसतो, वहिनी."

"मला रोजच दिसतो. सानिकाच्या शाळेला तिथूनच जावं लागतं. गाडी मीच चालवते."

मार्टिननं नवा ब्रश पुढे केला. बाळूनं तो घेतला नाही. त्यानं कपाट ओढलं, मला बाहेर काढलं आणि माझे केस रॉकेलमध्ये बुडवून टोकं मोकळी केली.

वरच्या वळणावर वारा फार होता. बाळूचा हात जड. रंग दिल्यासारखा मला दाबायचा, ग्रीस जास्त व्हायचं, मग बाहीनं पुसायचा. हा तो हात नव्हता. मला तो हात इतका हवा होता की सांगता येत नाही. तरी मी चाललो. वळण संपेपर्यंत चाललो.

मार्टिननं आधी रिकामी गाडी सोडून पाहिली. मग पहिल्या डब्यात सानिका बसली, आणि शेजारी बाळू. मला त्यांनी खाली कठड्यावर ठेवलं होतं. गाडी वर चढली, वळणावर गेली. चाक किंचाळलं नाही. सानिका ओरडली. बाळूचाही आवाज आला. तो ओरडत नव्हता, रडत होता, पण त्या गाडीत दोन्ही सारखंच ऐकू येतं.

मेधा आणि सानिका गेल्या. आता हिवाळा आहे. गाडी बंद, बाग बंद, मी खिळ्याला टांगलेला. ईस्टरच्या आधी बाळू मला हातात घेईल असं वाटतं.

बाळू, घेशील तेव्हा एक कर. माझ्या केसांच्या मुळाशी जुनं ग्रीस वाळून घट्ट बसलंय. ते त्याच्या हातचं आहे. मला माहीत आहे, तुलाही. मला ते ठेवावंसं वाटतं. पण ते आहे तोवर माझ्यात नवं मावत नाही. म्हणून चाकू घे आणि खरवड. फक्त हळू खरवड.