माझ्या अंगावरची आठ भोके

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि माझ्या अंगाला आठ भोके आहेत. पाहणाऱ्याला ती शोभेसाठी पाडलेली वाटतात. मात्र ज्या दिवशी ती असायला हवी होती, त्या दिवशी ती नव्हती.

मला एका सुताराने बनवले. त्याच्या अंगणात पांढऱ्या हंसांची एक जोडी होती. एका सकाळी कुंपणातून कुत्रे शिरले आणि त्यांनी हंसिणीला मारले. गवताखाली तिची सात अंडी अजून कोमट होती. सुताराची मुलगी पायाला चाके लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने ती अंडी फ्रॉकच्या ओच्यात घालून आणली.

"बाबा, गार पडायच्या आत काहीतरी करा ना!"

आईने अंडी गरम पाण्याच्या बाटल्यांसोबत दुलईत गुंडाळली. सुताराने जुन्या कपाटाचे दार उतरवले, रंधा मारला आणि दिवस मावळायच्या आत मला उभे केले. माझ्या पोटात दोन दिवे, एक तापमापक आणि पाण्याची वाटी आली.

"घराचं दार दोन वर्षं कुरकुरतंय, त्याला यांना वेळ नाही. अंड्यांना मात्र बंगला!" आई म्हणाली, पण दुलईची घडी तिने स्वतःच माझ्या तळाशी अंथरली.

शेजारचा कोंबडीवाला मला पाहायला आला. त्याने मला चारही बाजूंनी थोपटले. "सुतारदादा, पेटी झकास. पण भोकं कुठायत? आतला जीव श्वास घेतो. शेवटी शेवटी तर जास्तच."

"तीस वर्षांत माझ्या हातच्या कपाटात मुंगी शिरली नाही," सुतार म्हणाला, "आणि आता मीच भोकं पाडू?"

तरी त्याने गिरमिट घेतले आणि करंगळीएवढी दोन भोके पाडली. खोटे कशाला सांगू? मलाही ती आवडली नाहीत. माझे सांधे इतके घट्ट होते की त्यांत कागद सरकत नसे, आणि त्याचा मला गर्व होता.

पुढचे चार आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. भिंगरीने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. ठरल्या वेळी ती अंडी उलटवी आणि दिवसातून एकदा झाकण उघडून त्यांवर पाणी शिंपडी. अठराव्या दिवशी खेळण्याच्या नादात ती दुपारची पाळी विसरली. संध्याकाळी रडवेली होऊन तिने अंडी फिरवली. आत काहीही बिघडले नव्हते. मला ते ठाऊक होते, कारण त्यांची हालचाल मला तळाशी जाणवत होती.

शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचे नाही, असे कोंबडीवाल्याने बजावले होते. नेमक्या त्याच दिवसांत गार वारा सुटला आणि तापमापकाचा पारा उतरू लागला. सुताराने सरसात भुसा कालवला आणि माझी दोन्ही भोके बुजवली. वर पॉलिशचा हात फिरवला. घरात कोणाला सांगितले नाही. त्याला त्यात सांगण्यासारखे काही वाटलेच नाही. पारा वर चढला आणि तो समाधानाने कामाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवचांच्या आतून चिवचिव येऊ लागली. भिंगरी माझ्या फळीला कान लावून बसली. "आई, सातही बोलतायत!"

दुपारपर्यंत आवाज क्षीण झाले. मग ते एकेक करून थांबले. मी फटी शोधत होते. माझ्यात एकही फट नव्हती.

अखेर आईला राहवले नाही. "नियम गेला खड्ड्यात," असे म्हणून तिने झाकण उघडले. एका कवचाला चीर गेली होती आणि तिच्यातून चोच हलत होती. तेवढे एकच पिल्लू वाचले.

"मी त्या दुपारी विसरले ना, म्हणून झालं," भिंगरी म्हणाली. सुतार शेजारीच उभा होता. त्याची नजर माझ्या पॉलिशवर गेली आणि तो हत्यारे उचलून कामाला निघून गेला.

वाचलेले पिल्लू माझ्याच आत वाढले. एकटे म्हणून ते सतत ओरडे. भिंगरीने हात ठेवला तरच झोपे. पुढे ते तिच्या मागे अंगणभर चालू लागले. पण तिची चाल आता संथ झाली होती. तिला त्या नावाने हाक मारणेही सर्वांनी हळूहळू सोडले.

दोन वर्षांनी त्या पिल्लाची हंसीण झाली. तिने अंडी घातली, पण त्यांवर बसायला ती तयार होईना. सुताराने मला पुसून बाहेर काढले.

"मी हात लावणार नाही," मुलगी म्हणाली. "माझ्या हातून पुन्हा मरतील."

सुताराने माझ्या बुजवलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग त्याने गिरमिट उचलले आणि तिच्यासमोर माझ्या अंगाला आठ भोके पाडली.

"त्यात तुझा काही दोष नव्हता, बाळ. भोकं मी बुजवली होती."

"तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं, बाबा?"

"त्याच दिवसापासून."

पायाशी पडलेला भुसा तिने पायानेच बाजूला केला आणि ती आत गेली. ती अंडी शेवटी कोंबडीवाल्याकडे गेली.

आता माझ्यात गंजलेले खिळे असतात. मित्रांनो, तुम्ही कुठलाही जीव घरी आणाल, तर त्याला ऊब द्या, पाणी द्या आणि श्वासापुरती जागाही ठेवा. हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी सांगा. नाहीतर ती दुसऱ्या कोणाला तरी वाहावी लागते. एवढीशी भोके पाडायला दोन मिनिटे पुरतात. माझ्या सुताराला दोन वर्षे लागली.