विनाबॅटरीचे आत्मे

नेब्रास्कातल्या त्या गावची जत्रा यंदा ओस पडली होती. झाडून सगळा गाव ब्रदर ऑरव्हिलच्या तंबूत लोटला होता. टेबलावर एक लाकडी पेटी, तिच्यातून तंबूच्या खांबावर गेलेली तार आणि कानाला लावायचा इअरफोन.

"ना प्लग, ना बॅटरी!" ऑरव्हिल गरजला. "मग बोलतं कोण? तुमची गेलेली माणसं!"

माणसं बोलत होती खरी. फक्त स्वर्गात गेल्यावर सगळ्यांनाच सर्दी झालेली दिसत होती. जो तो घोगरा.

दातांची डॉक्टर अडेला मागे बसून हसत होती. पण तिची विधवा बहीण आयोन इअरफोन लावून रडायला लागली, तसं तिचं हसू मावळलं.

"माझा क्लेटन म्हणाला, इन्सुलिन बंद कर, ब्रदरचं मंतरलेलं पाणी पी."

"अगं, जिवंतपणी सुई तोच टोचायचा ना तुला?"

"मेल्यावर शहाणपण येतं, ताई."

घरी रेडिओ बनवायचा अडेलाला जुना नाद. ओट्सच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यावर तांब्याची तार गुंडाळून केलेला रेडिओ तिनं फडताळातून काढला. त्याला बॅटरी लागत नाही. तारेवर येणाऱ्या रेडिओलहरींच्या जोरावरच तो बोलतो.

दुसऱ्या दुपारी तिनं तंबूमागच्या झाडावर तार टाकली, डब्याची दुसरी तार नळाला बांधली आणि इअरफोन आयोनच्या कानात खुपसला. तंबूत ऑरव्हिल पुढच्या गिऱ्हाइकाआधी पेटीचा इअरफोन स्वतःच्या कानाला लावून बसला होता; त्याच्यासाठीचा घोगरा आवाज इकडे डब्यातही आला.

"ऑरव्हिल, आता निळ्या टोपीवाली घे. नवरा हेन्रिक, नदीत बुडाला. आटप लवकर, व्हॅनमध्ये उकडून मरतोय मी!"

आयोन पांढरीफटक पडली. "ताई, हा तर क्लेटनचाच आवाज!"

मग रांगेतल्या प्रत्येकानं डब्याचा इअरफोन कानाला लावला. शोधाशोध केल्यावर धान्याच्या कोठारामागे व्हॅन सापडली. आत बनियनवर बसलेला एक गृहस्थ ट्रान्समीटरपुढे घसा खाकरत हेन्रिक व्हायच्या तयारीत होता.

"सैतानाची करणी!" ऑरव्हिल ओरडला.

"सैतान नाही, ओट्सचा डबा," अडेला म्हणाली.

एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमच्या डब्यात माझा बाप लागेल का हो?"

"बाप नाही लागणार. मक्याचे भाव लागतील. डबा कसा करायचा ते शिकवते, या घरी. पण यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर आधी पेटीचं झाकण उघडायला सांगा. आणि तो उघडो न उघडो, औषध सोडू नका."

तंबू रिकामा झाला तरी आयोन बसूनच होती.

"म्हणजे क्लेटन बोललाच नाही?"

"नाही गं."

ती पुन्हा रडली, या खेपेला खऱ्या क्लेटनसाठी. मग डोळे पुसून तिनं बाही वर सारली. "टोच, ताई."