एक कण राहू द्या

बाजारपेठेच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाला लागून, कॅमेरे साफ करणाऱ्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे त्याचं घर. बाजारात त्याला सगळे ‘चकाचक’ म्हणत, काही कौतुकाने आणि बरेचसे वैतागून, कारण समोरच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचा केस स्वतःच्या हाताने उचलून टाकल्याशिवाय त्याला बोलणंच सुचत नसे. कॅमेऱ्याच्या पोटात, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर, बसलेली धूळ काढणं हे त्याचं काम. फोटोतल्या स्वच्छ आकाशात करडा ठिपका दिसायला लागला की लोक त्याच्याकडे येत. तो आधी समोरच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून ठिपके पाही, मग आतल्या खोलीत जाऊन, श्वास आवरून, ओल्या काडीने ते पुसून आणी, आणि शेवटी त्याच भिंतीचा फोटो गिऱ्हाइकादेखत पुन्हा काढी. बावीस वर्षांत त्या शेवटच्या फोटोत एकही ठिपका राहिला नव्हता. नवशिके फोटोग्राफर घरच्या घरी खटपट करून शेवटी हात टेकून आले की तो हसत म्हणे, “अहो, फोटोत वर दिसतो तो आत खाली बसलेला असतो. वर पुसत राहिलात तर जन्म जाईल.”

त्याची बायको कपडे शिवायची. शिवणकाम म्हटलं की दोरे, कातरण, कापडाची बारीक लव आलीच, आणि ती तिच्या केसांत, बाह्यांवर, भुवयांवरसुद्धा बसलेली असे. “तू माणूस नाहीस, धुळीचं पोतं आहेस,” तो म्हणे. आतल्या खोलीच्या दाराशी त्याने चिकटपट्टीचं रीळ टांगलं होतं. चहा घेऊन आत यायचं तर तिने कप बाजूला ठेवून, दोन्ही हात पसरून उभं राहायचं, आणि तो खांद्यापासून घोट्यापर्यंत तिच्या अंगावर पट्टी थापटत जायचा, गिऱ्हाईक बघत असलं तरीही. ती मान खाली घालून हसायची. “एक दिवस मलाच चिकटवून टाकाल यात,” एवढंच ती एकदा म्हणाली होती, आणि त्यावर त्याने तिला थोबाड बंद ठेवायला सांगितलं होतं, कारण बोलताना थुंकी उडते.

अशाच एका दुपारी, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई जुना कॅमेरा छातीशी धरून आल्या. त्याने भिंतीचा फोटो काढला. पडद्यावर सात ठिपके उमटले.

“सहा काढा,” बाई म्हणाल्या. “हा वरचा, उजव्या कोपऱ्यातला, राहू द्या.”

“राहू द्या म्हणजे?”

“मुलाचा कॅमेरा आहे. लेन्स बदलताना तो जोरात शिंकला होता, मी रागावले होते त्याला. त्या दिवसापासून हा आहे इथे. मुलाला जाऊन आठ वर्षं झाली. मी कसलाही फोटो काढला, तरी तो वर असतो. बरं वाटतं.”

“बरं, बरं,” तो म्हणाला, आणि मनात म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय.

आत बसून त्याने सहा कण काढले. सातवा त्याच्यासमोर होता, सेन्सरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, फाटक्या कडांचा. आपल्या हाताखालून कॅमेरा जायचा आणि त्यात घाण ठेवून द्यायची, ही कल्पनाच त्याला सोसेना. तो कण डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा त्याला खुपू लागला. हात घसरला, नजर चुकली, असलं काही झालं नाही. त्याने शांतपणे, जाणूनबुजून काडी फिरवली आणि त्याला फार समाधान वाटलं.

मग बाहेर बाई खोकल्या. आता शेवटचा फोटो त्यांच्यादेखत काढावा लागणार हे त्याच्या लक्षात आलं. दुसरा कण हवा होता, आणि त्या खोलीत धुळीचं नाव नव्हतं. दाराशी मात्र सकाळी बायकोच्या अंगावरून उपटलेली पट्टी लोंबत होती. पट्टीवरची कणभर करडी लव त्याने सुईच्या टोकाने उचलली आणि सेन्सरच्या उजव्या कोपऱ्यात, वर, अलगद ठेवली. म्हातारीला काय कळतंय, असं म्हणत तो बाहेर आला.

भिंतीच्या फोटोत ठिपका खाली उमटला. बावीस वर्षं जगाला शिकवलेली गोष्ट घाईत तो स्वतःच विसरला होता.

“माझा वर असतो,” बाई म्हणाल्या.

“कण सरकतात, बाई. हवा लागली की.”

बाईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. “हा तो नाही,” त्या म्हणाल्या. “तो दंगेखोर होता. ही कुणीतरी मुकाट बसली आहे.” मग त्यांनी मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे त्याची बायको चहाचा कप बाजूला ठेवून हात पसरून उभी होती. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. “असू दे,” शेवटी त्या म्हणाल्या. “रिकामा कसा नेऊ?”

दोन दिवसांनी त्याने बायकोच्या अंगावरून पट्टी फिरवली आणि ती कोरी निघाली. “लागलं एकदाचं वळण,” तो म्हणाला. फणीत केस अडकेनासे झाले, शिलाई मशीनखालची फरशी दिवसभर लखलखीत राहू लागली, आणि तो खुशीत शीळ घालू लागला. आठवड्याने ती म्हणाली, “अहो, बोटात सुई गेली तर मला कळतच नाही हो.” त्याने वर न बघता सांगितलं की, मग बरंच आहे. कपडे न्यायला आलेली शेजारीण दारातूनच “घरी कुणी नाही का?” म्हणून परत गेली, आणि बायको तर तिच्यासमोरच उभी होती. त्यावर तो हसला.

एका सकाळी त्याने तिची उशी पाहिली. ती शेजारी झोपून नुकतीच उठली होती, आणि उशीवर खळगा नव्हता. चादरीला सुरकुती नव्हती. त्याने स्वयंपाकघरात जाऊन तिचा दंड धरला आणि आपल्या हातात काही धरलं आहे की नाही हे त्याला सांगता येईना. “मी काय केलं?” तिने विचारलं, इतकं हळू की त्याला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्यासाठी घाबरला. सुईने उचललेली ती लव त्याला आठवली, आणि बाईंच्या पावतीवरचा पत्ता घेऊन तो तसाच, चपला न घालता, निघाला. घर सापडेपर्यंत दुपार झाली.

बाईंच्या खोलीत भिंतभर फोटो लावलेले होते: खिडकी, मांजर, रिकामा बाक, बागेतली ओळीने लावलेली झाडं. प्रत्येकात खाली उजवीकडे तो करडा ठिपका होता. एक फोटो त्यांनी हातभर मोठा करून घेतला होता, आणि त्यात कुणीतरी पाठ वाकवून, गुडघ्यांवर काहीतरी घेऊन बसलं होतं.

“दिवसभर खाली मान घालून असते,” बाई म्हणाल्या. “गरीब स्वभावाची आहे. लळा लागला होता मला.”

“कॅमेरा द्या,” तो म्हणाला. “पाया पडतो तुमच्या. आतल्या कणाला हात लावू नका, फक्त मला परत द्या.”

बाईंनी कपाटातून कॅमेरा काढून त्याच्यासमोर ठेवला आणि त्याच्याजवळ भिंतीचा एक नवा फोटो. तो कागद पूर्ण पांढरा होता.

“आज सकाळीच साफ करून आणला,” त्या म्हणाल्या. “नदीपलीकडे एक जण आहे, तोही तुमच्यासारखाच कामाला चोख. त्याने विचारलं, एखादा ठेवायचाय का? मला तुमची आठवण झाली. म्हटलं, नको, काही ठेवू नका.” मग त्यांनी त्याच्या खांद्यावर पडलेला एक केस चिमटीत उचलला आणि खिडकीबाहेर टाकला.

तो घरी आला तेव्हा दार उघडं होतं. दुकान, आतली खोली, स्वयंपाकघर, सगळं जिथल्या तिथे होतं. मशीनवर अर्धी शिवलेली बाही होती आणि सुईतला दोरा तसाच ओवलेला होता. त्याने तिला हाक मारली. मग पुन्हा मारली, या वेळी तिच्या नावाने, जे त्याने कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. मशीनखाली, दारामागे, पलंगाखाली त्याने गुडघ्यांवर रांगत एखादा दोरा, एखादा केस शोधला. मग तिची खुर्ची ओढून खुर्चीच्या पाठीवरून, हातांवरून, बैठकीवरून सावकाश बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात नेऊन पाहिलं.

बोट स्वच्छ होतं.