एक मिलिमीटरची चाळण

माझ्या जाळीचे प्रत्येक छिद्र एक मिलिमीटर रुंद आहे. बाजरीचा दाणा त्यातून जात नाही, खसखस निघून जाते. मित्रांनो, मी एक जुनी पितळी चाळण आहे. जे माझ्यात राहिले ते मला माहीत आहे, जे निसटले ते नाही. हे कोणत्याही चाळणीबद्दल म्हणता येईल, पण माझ्या बाबतीत त्याने एका बाईंची झोप उडवली, म्हणून सांगते.

घाटकोपरच्या एका गल्लीत शिवदास नावाच्या कारागिराने मला घडवले. पितळेची पट्टी वाकवून त्याने माझे कडे केले, तारेची जाळी ताणून बसवली आणि झाळून पक्की केली. मला न्यायला एक तरुण मुलगी आली.

"बेसनासाठी ना?" त्याने विचारले.

"नाही. चिखलासाठी."

"चिखल चाळून काय सोनं काढणार?"

"किडे काढणार," ती म्हणाली.

शिवदासने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग जाळी पुन्हा बोटाने ठोकून बघितली आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

ती दीप्ती. भांडुपला राहायची आणि अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत नुकतीच लागली होती. खाडीच्या तळाशी चिखलात राहणाऱ्या जिवांचा अभ्यास हे तिचे काम. मासा पाणी बिघडले की पोहत दुसरीकडे जातो. चिखलातला शंख किंवा कृमी कुठे जाणार? तो तिथेच जगतो, नाहीतर तिथेच मरतो. त्यामुळे पाण्याची खरी तब्येत कळायची असेल तर तळाचा चिखल चाळावा लागतो.

पहिल्या दिवशी ती मला घरी घेऊन गेली, तेव्हा तिची आई मालवणीत म्हणाली होती, "इतक्या शिकलंस, आणि आता चिखल चाळतलंस?" दीप्ती नुसती हसली. तिला ते काम मनापासून आवडत होते.

दर हिवाळ्यात आम्ही वर्सोव्याहून नानांच्या होडीतून खाडीत जात असू. नाना तिथल्याच कोळीवाड्यातले. दोरीला बांधलेला लोखंडी जबडा तळाशी सोडायचा, तो चिखलाचा घास घेऊन वर यायचा. तो चिखल माझ्यात ओतून दीप्ती मला पाण्यात हलके हलके गोल फिरवायची. चिखल खाली जायचा आणि माझ्या जाळीवर राहायचे चिमुकले शिंपले, शंख, बोटाच्या पेराएवढे खेकडे, पायांना केस असावेत तसे दिसणारे लांब कृमी. ती चिमट्याने एकेकाला उचलून बाटलीत ठेवायची.

"एवढ्याशा खेकड्याचं कालवण पण होत नाय गो बाय," नाना म्हणायचे.

"याला खायचं नाही नाना, मोजायचं."

"मोजून वाढतात काय?"

ते माझे चांगले दिवस होते. संस्थेत पाहुणे आले की दीप्ती मला हातात धरून दाखवायची आणि म्हणायची, "सगळं काम हिच्यावर आहे." मित्रांनो, पितळेला लाज वाटत असती तर मी लाजले असते.

पुढे चिखल काळा होऊ लागला. त्याला सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. एका वर्षी माझ्या जाळीवर खेकडे आले नाहीत. नंतर कधीतरी शिंपले आले ते रिकामे. मग शंखही विरळ झाले. शेवटी शेवटी मला फिरवून झाल्यावर माझ्यात पिशव्यांचे तुकडे आणि शिंपल्यांचा चुरा एवढेच उरायचे. दीप्ती तरीही मला डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहायची. वस्तू म्हणून मला तेव्हा फार अपराधी वाटायचे. जणू मीच काहीतरी धरून ठेवायला विसरले होते.

तेवढ्यात माझ्या कडेजवळची जाळी उसवली. नवी चाळण आली. ती पोलादी होती, चकचकीत होती आणि तिचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे होते. आता सगळीकडे अशाच बारीक चाळण्या वापरतात, असे दीप्ती म्हणाली, आणि ते खरेच होते. मला प्रयोगशाळेच्या भिंतीवर खिळ्याला अडकवले गेले. पुढे माझ्यावर कोणी धुतलेली बाटल्यांची झाकणे वाळत घालू लागले.

त्या हिवाळ्यात नव्या चाळणीत पुष्कळ जीव सापडले. धाग्यासारखे बारीक तांबडे कृमी, शेकड्यांनी. ते माझ्यातून नेहमीच निसटून जात असत. ते खाडीत तेव्हा किती होते, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण मी त्यांना कधी थांबवलेच नव्हते. दीप्तीने माझी जुनी वर्षे आणि नवीची नवी वर्षे एकाच आलेखात एका रेषेने जोडली. रेष खाली खाली येत होती, ती अचानक वर चढली.

तिच्या शेजारच्या टेबलावर सुबोध बसायचा. तो तिच्याच वयाचा, पाण्यातले धातू तपासणारा. तो आलेखाकडे बघून म्हणाला, "काय गं, चाळण बदलली आणि खाडी सुधारली, असं नाही ना झालं?"

दीप्ती हसली. तोही हसला. मग दोघांच्या नावाने लेख छापून आला: खाडीतील जीवसृष्टी परत येते आहे. वर्तमानपत्रांनी बातमी दिली. लेखाच्या शेवटी होडीसाठी नानांचे आभार मानले होते. नानांनी ते पान प्लास्टिकमध्ये घालून घरी भिंतीवर लावले.

त्यानंतर कितीतरी वेळा मी दीप्तीला माझ्याकडे बघताना पाहिले. एकदा तिने मला खाली उतरवले, उसवलेली कडा अंगठ्याने दाबून पाहिली, तारेने शिवलीही. मला वाटले, आता नेईल. तेवढ्यात कुठून तरी व्याख्यानाचे बोलावणे आले. विषय अर्थातच तो लेख होता. फोनवर होकार देऊन तिने मला पुन्हा खिळ्याला अडकवले. त्या एका खिळ्यावरून तिचे केस पांढरे झालेले मी बघितले. मला बोलता येत असते तर मी एवढेच सांगितले असते की मला आणि नवीला एकदा शेजारी ठेवा. पण चाळणीला विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

यंदा नाना स्वतः प्रयोगशाळेत आले. ते आता थकलेले दिसत होते. आले आणि स्टुलावर बसले.

"बाय, नाल्याचं पाणी साफ करून मगच खाडीत सोडा, असा आमचा किती वर्षांपासून अर्ज होता. तो मागं पडला. पालिकेचे साहेब म्हणतात, खाडी आपोआप सुधारते हाय, तुमच्याच मॅडमनी लिहिलंय. आता सोमवारी परत बोलावलंय. तू ये."

दीप्तीने हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"माझ्या जाळ्यात तर पिशव्याच येतात," नाना म्हणाले. "मग वाढलंय तरी काय खाडीत?"

"कृमी, नाना. धाग्याएवढे."

"मग ते विकू काय मी बाजारात?"

ते रागाने म्हणाले नव्हते. खरेच विचारत होते.

दुसऱ्याच दिवशी ओहोटीला दीप्तीने मला घेतले. किती वर्षांनी मला खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला. तिने मला वर ठेवले आणि नवीला माझ्या खाली. एकच चिखल, दोन्ही चाळण्या, एकीखाली एक. नवी आली त्या पहिल्या वर्षीच करायला हवे होते ते तिने आता केले. माझ्यात उरले काचेचा तुकडा आणि चुरा. खालच्या चाळणीत तांबड्या कृमींचा पुंजका वळवळत होता. दूषित, हवा नसलेल्या चिखलात माजणारे ते कृमी. खाडीच्या आजाराची खूण तिने तब्येत सुधारल्याची खूण म्हणून छापली होती.

"काय गो, काय झालं?" नानांनी वल्हे थांबवून विचारले.

"परत जाऊ या," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत सुबोधने सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून पुसला.

"पुढच्या अहवालात एक तळटीप दे. चाळण बदलली होती, एवढंच. रिटायर व्हायला आलीस, आता कशाला उकरतेस?"

"तळटीप कोण वाचतं रे?"

"त्या लेखावर माझंही नाव आहे, दीप्ती. त्याच्यानंतरचे सगळे प्रकल्प त्याच्यावरच मिळालेत आपल्याला. हा गेला की बाकीच्यांकडेही लोक संशयाने बघणार. ते जाऊ दे, नानांच्या घरात तो भिंतीवर आहे."

"म्हणूनच तर," ती म्हणाली, पण पुढचे वाक्य तिने पूर्ण केले नाही. सोमवारपर्यंत ती ते पूर्ण करू शकली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही नवे आले की जुने अडगळीत जाते. जाऊ दे, त्याचे मला वाईट वाटत नाही. माझे कडे काळे पडले, माझी जाळी शिवलेली आहे, नवी माझ्याहून चांगलेच काम करते. फक्त नव्याने मोजलेल्या गोष्टीला जुन्याने मोजलेली गोष्ट जोडण्याआधी दोघींना एकदा एकत्र वापरून बघा. आणि जुने नीट जपलेले असेल तरच ते बघता येते. एवढीच माझी विनंती आहे. ती वेळेवर पोचली असती तर नाल्याचे पाणी इतकी वर्षे तसेच वाहत राहिले नसते.

सोमवारी त्या कार्यालयात मी दीप्तीच्या मांडीवर कापडी पिशवीत होते. टेबलापलीकडचे साहेब आदराने उठून उभे राहिले होते. कोळीवाड्यातली माणसे भिंतीला टेकून बसली होती. नाना पहिल्या खुर्चीवर होते. त्यांनी घरच्या भिंतीवरचे ते पान काढून सोबत आणले होते.

"मॅडम, तुम्ही स्वतः आलात, बरं झालं," साहेब म्हणाले. "तुमचंच काम समोर ठेवून निर्णय घेतलाय आम्ही. खाडीतले जीव वाढतायत. बरोबर ना?"

दीप्तीचे हात माझ्या कड्यावर घट्ट झाले. तिने नानांकडे पाहिले. नाना मान हलवत तिला धीर देत होते. तिला अडचण काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मागच्या रांगेत सुबोध येऊन बसलेला तिला दिसला. त्याने नजर खाली वळवली, पण तो उठून गेला नाही.

"नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तो लेख मी मागे घेते आहे."