लगेच बंद करू नये

"मला आवाज परत हवाय," मी म्हणाले.

मिस्त्री फडक्याला हात पुसत होते, ते थांबले.

"कसला आवाज?"

"गाडीचा. काल तुम्ही काढून टाकलात तो."

"ताई, लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात. परत न्यायला आजवर कुणी आलं नाही."

"माहीत आहे मला."

"ब्रेक धरत नाहीत का नीट? तसं असेल तर सरळ सांगा. आडवळणानं कशाला?"

"ब्रेक उत्तम आहेत. फक्त आवाज तेवढा हवाय."

गाडी मी ब्रेकसाठीच त्यांच्याकडे टाकली होती. काल संध्याकाळी न्यायला गेले तेव्हा मिस्त्री उगाचच हसत होते. "बसा आणि किल्ली फिरवा," म्हणाले. मी फिरवली. चालू झाली नाही असं वाटून पुन्हा फिरवली, तर स्टार्टर किंचाळला. "अहो, चालू आहे, चालूच आहे," ते मांडीवर हात मारून म्हणाले. त्यांनी इंजिनातले टॅपेट सेट केले होते आणि फुटका सायलेन्सर काढून दुसऱ्या गाडीचा चांगला लावला होता. पैसे मात्र ब्रेकचेच घेतले. "सिस्टरनी माझ्या म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत केलं. त्यांच्या गाडीचं एवढं केलं तर काय बिघडलं? त्यांना म्हणावं, आता मागच्या सीटवर झोप काढलीत तरी चालेल."

सिस्टर म्हणजे माझी आई. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. हॉस्पिटलातली नोकरी संपल्यावर ती घरोघर जाऊन ड्रेसिंग करायची. अंथरुणाला खिळलेली माणसं, पाठीला झालेले व्रण, लघवीच्या नळ्या, भरून न येणाऱ्या जखमा. त्या फेऱ्यांसाठी तिने ही गाडी घेतली, दोन मालक पाहिलेली, फिकट निळी, पेट्रोलवर चालणारी. टॅपेट शिलाईच्या मशीनसारखे टकटकायचे आणि त्यावर सायलेन्सरची फुरफुर, घोड्याला सर्दी झाल्यासारखी. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आमच्या खिडक्यांना कळायचं.

"सिस्टर, तुमच्या गाडीला हॉर्न कशाला बसवलाय? वाया गेला की हो," खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणायच्या.

"पसंत केली तेव्हा स्वभावाने फार गरीब आहे असं सांगितलं होतं मला," आई उत्तर द्यायची. "आता घरात आणल्यावर कुणाला विचारू?"

दुरुस्त मात्र तिने कधी करून घेतली नाही. मी ग्रंथालयात काम करते, शांततेचीच माझी नोकरी. त्यामुळे मला तो आवाज जास्तच टोचायचा. पुढच्या महिन्यात बघू, असं ती म्हणायची, आणि तो महिना काही यायचा नाही.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर फेरीला गेले होते. एका निवृत्त टायपिस्ट बाईंचं घर होतं, तळमजल्यावर, रस्त्याला लागून. आईने दारासमोर गाडी उभी केली आणि बंद न करताच बसून राहिली. आरशात बघून केसांतली एक पिन काढली, पुन्हा तिथेच खोचली.

"आई, बंद कर ना. सगळी गल्ली बघतेय."

"तापलीय. लगेच बंद करू नये, बिघडते."

वर तिने थोडी रेसही दिली. बऱ्याच वेळाने किल्ली फिरवून आम्ही आत गेलो. बाई पलंगावर होत्या. कमरेखाली त्यांना काही जाणवत नसे. पांघरूण मात्र कडेपर्यंत नीट ओढलेलं, गळ्यात मण्यांची माळ, खोलीत पावडरचा ताजा वास. "या सिस्टर," त्या म्हणाल्या, "आज कन्यारत्नाला पण आणलंत?" किती टापटिपीच्या बाई आहेत, एवढंच माझ्या मनात आलं. गाडीचं ते शास्त्र मी खरं मानलं. पुढे मी गाडी चालवायला लागले तेव्हा मीही ती लगेच बंद करत नसे.

मागच्या वर्षी आईचा जुना कॅन्सर उलटला आणि मणक्यात उतरला. फेऱ्या थांबल्या आणि गाडी माझ्याकडे आली. दिवसा मावशी तिच्याजवळ बसायच्या. चार वाजले की आई त्यांना घालवून द्यायची, तुमच्या घरी माणसं खोळंबली असतील म्हणून. दिवेलागणीला मी यायचे. खिडकीखाली गाडी थांबवायची, ती थोडी निवू द्यायची, मग जिना चढायचा. वर आई दोन उशांना टेकून बसलेली असायची. भांग सरळ, कवळी तोंडात, चष्मा नाकावर, मांडीवर वर्तमानपत्र.

"कसं वाटतंय?"

"मला काय धाड भरलीय?"

आणि मी डॉक्टरांना फोनवर सांगायचे, की गोळ्या लागू पडतायत. पाठ फार दुखत नाही तिची.

काल त्या नव्या सायलेन्सरची गंमत तिला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. गाडी वळली, थांबली, कुणाला पत्ता नाही. निवायला ठेवावी असं काही तिच्यात जाणवलंही नाही. मी सरळ वर गेले आणि दार उघडलं.

आई जमिनीवर होती. पलंगाच्या कडेला गुडघे टेकून तिने गाल गार फरशीला लावला होता. टॉवेलची घडी दातांत धरली होती, म्हणजे दात नव्हतेच, कवळी पेल्यात होती. हिरड्यांत धरली होती. त्या घडीतून एक आवाज येत होता. पहिल्या क्षणी तो तिचा आहे हे मला समजलं नाही.

तिने मला पाहिलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर तोंडावर हात ठेवला.

"गाडी कुठंय?" हाताआडून तिने विचारलं.

"खाली."

"आवाज नाही आला."

मी तिला उचलून पलंगावर घेतलं. गाऊन बदलला, चादर बदलली. आयुष्यभर लोकांच्या चादरी बदललेली बाई, मी कुशीवर वळवलं तशी वळली, आणि मग भिंतीकडेच तोंड करून राहिली. रात्री जेवली नाही. सकाळी मी कवळीचा पेला पुढे केला तर म्हणाली, "ठेव तिथे. मावशी देतील."

मी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी औषध बदलून दिलं. तिला मी, डॉक्टरांनीच तपासण्या बघून बदललं, एवढंच सांगितलं. मग गाडी काढून इथे आले.

"सिस्टर काही बोलल्या का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. तिला मी आलेलं कळलं नाही."

यापुढे काय सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते. पण मिस्त्री फडका खांद्यावर टाकून खाली बसले, एका पालथ्या डब्यावर.

"म्हातारा माझा त्या मागच्या खोलीत असायचा," ते म्हणाले. "मी इथे काम करत असायचो. सिस्टरची गाडी लांबून वाजली की आतून हाक. 'आली रे, टोपी दे.' हातातलं काम टाकून टोपी द्यायला जायचो. टोपी घातली की पांघरूण वर ओढायचा आणि बसायचा, जसा काय मामलेदार. एकदा मी वैतागलो. म्हटलं, बाबा, त्या बाईंनी तुमचं काय काय बघितलंय, काय काय धुतलंय. तुम्ही टोपीचं काय घेऊन बसलात?"

"मग?"

"म्हणाला, 'म्हणूनच दे.'"

ते उठले. भंगाराच्या ढिगातून त्यांनी आमचा जुना सायलेन्सर ओढून काढला आणि बोटाने त्यावरची माती झाडली.

"हा लावतो. टॅपेटही ढिले सोडतो जरा. पेट्रोल थोडं जास्त पिईल, सांगून ठेवतो."

"पिऊ दे."

"आणि कुणी विचारलं की हे काम कुणी केलं, तर माझं नाव घेऊ नका. धंदा बसेल माझा."

ते गाडीखाली सरकले. नुसते पाय बाहेर दिसत होते.

"मिस्त्री, तापलेली गाडी लगेच बंद केली तर बिघडते का हो?"

"ही? या पेट्रोलच्या गाडीला काय होतंय? कुणी सांगितलं?"

"असंच विचारलं."

त्या संध्याकाळी मी टकटकत, फुरफुरत गल्लीत शिरले. मावशी दारातून म्हणाल्या, "आली का बाई वाचा परत? काल मुकी झाली होती, मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं." मी हसले आणि खिडकीखाली थांबले. वर अंधार होता. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. त्या टायपिस्ट बाईंची माळ आठवली. अशा किती दारांसमोर आई आपल्याच पेट्रोलचा धूर करत बसली असेल.

मग वर आईच्या उशाचा दिवा लागला. मी गाडी बंद केली.

ती उशांना टेकून बसली होती. भांग सरळ होता. चेहरा कालच्यापेक्षा उतरलेला, पण चष्म्यातून तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"इतका वेळ काय करत होतीस खाली?"

"गाडी तापली होती."

"हं." तिने वर्तमानपत्राची घडी घातली. "लगेच बंद करू नये."

आणि म्हणाली, "भूक लागलीय. काही करतेस का?"

त्या विषयावर आम्ही याहून जास्त कधी बोललो नाही. रजा घेऊन घरी थांबू का, असं मी एकदा विचारलं. "थांबून करशील काय? माझ्याकडे बघत बसशील?" असं ती म्हणाली, तेव्हा मी तो विषय सोडला. नव्या औषधाने दिवस बरे जायला लागले, निदान मावशी तरी तसं सांगत, आणि मावशींना खोटं बोलता येत नाही.

दिवा लागायला मात्र हळूहळू वेळ लागू लागला. मी गाडीत एक पुस्तक ठेवलं. त्यातलं फारसं वाचून झालं नाही. समोरच्या घरातले गृहस्थ खिडकी आपटून बंद करायचे. मावशी बाहेर येऊन म्हणायच्या, "काय गं, पेट्रोल फुकट वाटतायत का कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता आत जायच्या. एकदा वर गेले तर आईचा भांग वाकडा पडला होता. एकदा चष्मा उलटा होता. अशा वेळी मी आधी खिडकीकडे जायचे, पडदा सारखा करायचे, बाहेर काही बघितल्यासारखं करायचे. मागे वळेपर्यंत चष्मा सरळ झालेला असायचा.

त्या दिवशी दिवा लागला नाही.

रस्त्यावरचे दिवे लागले. समोरच्यांनी खिडकी आपटली. मी पुस्तक मिटलं आणि थोडी रेस दिली, आईने त्या दारासमोर दिली होती तशी. इंजिन खोकलं आणि पुन्हा टकटकू लागलं. वरची काच काळीच राहिली. आज जास्त वेळ हवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि तेवढा वेळ बसले. मग गाडी तशीच चालू ठेवून उतरले. जिन्यावर पाय वाजवले. कुलपाशी घराच्या किल्ल्यांचा जुडगा गरजेपेक्षा जास्त खुळखुळवला.

आई उशांना टेकून बसली होती. कवळी तोंडात होती. पांघरूण छातीपर्यंत ओढलेलं आणि दोन्ही कडांनी खोचलेलं. मांडीवर हातआरसा, उजव्या हातात कंगवा. केसांची एक बाजू विंचरून झाली होती.

तिनेच शिकवलं होतं तशी मी मानेपाशी दोन बोटं ठेवली. मान अजून उबदार होती. बोटं बराच वेळ तशीच ठेवली.

मग पलंगाच्या कडेवर बसले आणि तिच्या बोटांतून कंगवा सोडवून घेतला. दुसऱ्या बाजूचे केस उशीवर घासून गुंतले होते. टोकाकडून सुरुवात करायची, वर बोटांनी धरून ठेवायचं, म्हणजे ओढ बसत नाही. मी लहान असताना ती माझे केस असेच सोडवायची.

खालून मावशींची हाक आली. "अगं, गाडी चालूच राहिली तुझी."

"राहू दे जरा," मी म्हणाले. "अजून व्हायचंय."

एक गाठ काही केल्या सुटत नव्हती. तिला वेळ दिला. सुटली. मग कंगव्याच्या टोकाने मधोमध भांग पाडला, एकदा थोडा वाकडा गेला म्हणून पुन्हा पाडला. चष्मा पुसून तिच्या नाकावर ठेवला. आरसा खणात ठेवला आणि उशाचा दिवा लावला.

मग खाली गेले आणि गाडी बंद केली.